सूक्ष्म खनिजे आणि सांध्यांची सूज: कॅप्सूल घ्यावी, की आधी ताटाकडे पाहावे?

मार्कंडेयकाठ | 11 जून, रात्री 9.40

मंडळी, नमस्कार. माझ्या आईचे वय 61 आहे. गेल्या दीड वर्षापासून तिच्या दोन्ही हातांची बोटे सकाळी आखडतात, भरलेली वाटी धरता येत नाही आणि भाकरी थापणे तर तिने दिवाळीपासून सोडूनच दिले आहे. तज्ज्ञांनी रुमॅटॉइड संधिवात, म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला आमवात म्हणतात तो, असल्याचे सांगितले असून पंधरा दिवसांपूर्वी मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झाले आहे. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन 9.6, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) 41 आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे प्रथिन) 88 आले. सीरम लोह कमी आहे आणि जस्तही किंचित कमी आहे.

आता अडचण अशी, की धारवाडच्या मावशीने ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या आजच सुरू कर’ असा हट्ट धरला आहे आणि औषधाच्या दुकानदाराने ‘सूज उतरवणारी सूक्ष्म खनिजे’ म्हणून जस्त, तांबे, सेलेनियम व मँगनीज असलेली एक कॅप्सूल पुढे केली आहे, जिचा महिन्याचा खर्च साडेसातशे रुपये येतो. डॉक्टरांची पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे आणि उपचार तेच ठरवतील, त्यामुळे औषध सुचवा असे मी म्हणत नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे, की या खनिजांमुळे शरीरातला दाह खरोखर कमी होतो का, आणि होत असेल तर कोणाचा?

खडेबाजारचा रिकामटेकडा | 11 जून, रात्री 10.05

मावशी धारवाडची आणि दुकानदार कोपऱ्यावरचा! या दोघांच्या तावडीतून रिकाम्या हाताने सुटलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

चिकोडीचे मास्तर | 12 जून, सकाळी 6.30

बत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. दुकानदाराने सांगितलेली चार नावे हवेतून आलेली नाहीत. जंतूंशी किंवा, आमवातात घडते तसे, स्वतःच्याच सांध्यांशी लढताना पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड नावाचे अत्यंत तापट रसायन तयार करतात. ते वेळेवर निवले नाही तर आसपासच्या ऊती होरपळतात. ते निववणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) कार्य 1969 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी उलगडले. पेशीद्रवातल्या या विकराच्या गाभ्यात तांबे आणि जस्त असते, तर तंतुकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रियातल्या) विकरात मँगनीज असते. या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि त्याची विल्हेवाट लावण्यासाठी लोह असलेले कॅटलेज आणि सेलेनियम असलेले ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे दोन विकर लागतात. या दुसऱ्या विकरात सेलेनियम असते, हा शोध 1973 सालचा आहे.

जस्ताचे आणखी एक काम आहे. दाह भडकवणारी जनुके सुरू करणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा जो संदेशवाहक आहे, त्याला लगाम घालणाऱ्या प्रथिनांना जस्त लागते. शरीरात जस्त कमी पडले, की हा लगाम सैल होतो.

मात्र वर्गात मी नेहमी सांगत असे, की पंगतीत जितकी पाने मांडलेली असतात तितकीच माणसे बसतात. प्रत्येक विकरात धातूसाठी ठरावीक जागा असते. पाने रिकामी असतील तर आलेल्या पाहुण्याचे स्वागत होते. ती भरलेली असतील तर मांडवात नुसती गर्दी होते, आणि या गर्दीतल्या लोहासारख्या पाहुण्याला मोकळे सोडले तर तो स्वतःच जाळपोळ करतो. मोकळे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की आणखी तापट रसायन तयार होते, हे फेंटनची अभिक्रिया शिकलेल्यांना आठवत असेल.

सूक्ष्मदर्शिका | 12 जून, सकाळी 11.20

मी निपाणीत रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मास्तरांच्या पंगतीपेक्षा माझे लक्ष मार्कंडेयकाठ यांनी दिलेल्या आकड्यांकडे गेले. खनिजांच्या कमतरतेमुळे दाह वाढतो हे खरे आहे, पण दाहामुळे रक्तातल्या खनिजांचे आकडे बदलतात हेही तितकेच खरे आहे, आणि हे दुसरे सत्य लक्षात न घेतल्यामुळे फार लोक फसतात.

शरीरात दाह पेटला, की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. आतड्यातून आणि साठ्यातून लोह रक्तात उतरण्याचा जो दरवाजा असतो, तो हे संप्रेरक बंद करते. जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते, तेव्हा ते त्यांच्या हाती लागू नये म्हणून शरीराने केलेली ही तजवीज आहे. परिणामी सीरम लोह घसरते आणि कोठारात माल असूनही हिमोग्लोबिन तयार होत नाही. त्याच वेळी साठ्याचे मोजमाप म्हणून पाहिले जाणारे फेरिटिन दाहामुळे आपोआप चढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांत लोहाच्या कमतरतेसाठी फेरिटिनची रेषा 15 वर आखली असली, तरी संसर्ग किंवा दाह असलेल्यांसाठी ती 70 वर नेली आहे. आईंचे 88 त्या रेषेच्या थोडेच वर आहे. त्यामुळे ‘साठा भरपूर आहे’ असेही ठामपणे म्हणता येत नाही आणि ‘लोह संपले आहे’ असेही नाही. ट्रान्सफेरिनची संपृक्तता, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के भरलेले आहे, ते पाहिले आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

जस्ताचेही असेच आहे. दाह असताना जस्त रक्तातून यकृतात जाते, म्हणून रक्तातला आकडा खाली दिसतो; सेलेनियमही उतरते. तांबे मात्र उलट चढते, कारण ते वाहून नेणारे सेरुलोप्लाझ्मिन दाहात वाढते. शिवाय जस्ताचा नमुना उपाशीपोटी घेतला नाही, किंवा नळीचे रबरी बूच साधे असले, तरी आकडा बदलतो. सीआरपी 41 असताना आलेल्या ‘किंचित कमी’ जस्तावरून कॅप्सूल विकत घेणे मला घाईचे वाटते.

उगारचा ऊसवाला | 12 जून, दुपारी 2.15

सूक्ष्मदर्शिका यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, कारण हे सगळे मी माझ्या शेतात पाहिलेले आहे. आमच्या अथणी-कागवाडकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत उसाच्या खोडव्यावर दरवर्षी केवडा पडतो. कोवळी पाने शिरा सोडून पिवळी होतात आणि दुर्लक्ष केले तर पांढरीफटक पडतात. माती तपासली तर लोह भरपूर निघते, पण चुना आणि वाढलेला सामू (पीएच) यांमुळे ते मुळांना मिळत नाही. जमिनीत लोह आहे, पिकात नाही. आपल्या शरीरात हेप्सिडिन जे करते तेच आमच्याकडे चुनखडी करते, असे मी समजलो. ते बरोबर आहे का?

नुसते हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, जमिनीत फेकून अशा ठिकाणी फारसा उपयोग होत नाही, कारण तेही तिथे अडकून बसते. ते शेणखतात मुरवून द्यावे लागते किंवा पानांवर फवारावे लागते. स्फुरद जास्त झाला की जस्त अडते, हेही आम्ही ठेच खाऊन शिकलो. दोन पोती जास्त टाकली म्हणून पीक दुप्पट येत नाही. उलट दुसरेच काहीतरी कमी पडते.

चिकोडीचे मास्तर | 12 जून, दुपारी 3.00

अडकण्याची कारणे वेगळी आहेत, पण उपमा उत्तम आहे. मी शिकवत होतो तेव्हा तुम्ही वर्गात असता तर माझे काम हलके झाले असते.

तांबडी माती | 12 जून, रात्री 8.45

सर्वांशी थोडे असहमत आहे. ‘आधी ताटाकडे पाहा’ हे ऐकायला गोड वाटते, पण ताटात येणारे धान्य ज्या जमिनीत पिकते तिच्यातच जस्त नसेल तर ताटात ते कुठून येणार? खानापूर भागातल्या तांबड्या मातीतली खनिजे मुसळधार पावसाने वर्षानुवर्षे धुऊन नेली आहेत आणि पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत काय होते ते ऊसवाल्यांनी आत्ताच सांगितले. त्यात आपले जेवण धान्यप्रधान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हा काय शहाणपणाच्या ताटाचा पुरावा आहे?

जस्ताची कमतरता माणसाला होते हे जगाला ज्यांनी पटवले ते आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. इराणमधल्या शिराझ येथे त्यांच्याकडे 21 वर्षांचा एक रुग्ण आला होता, जो दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा होता. त्याच्या आहारात मुख्यतः बिनआंबवलेली गव्हाची रोटी होती आणि तो मातीही खात असे. यावरचा त्यांचा लेख 1961 साली प्रसिद्ध झाला. त्याच प्रसादांनी 2007 साली 55 ते 87 वयाच्या 50 जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात वर्षभर रोज 45 मिलिग्रॅम जस्त मिळालेल्यांना संसर्ग कमी झाले आणि दाहाचे काही निर्देशकही उतरले. मग आईंना जस्त दिले तर बिघडले कुठे?

शेवग्याची शेंग | 13 जून, सकाळी 10.10

तांबडी माती, तुमची दोन्ही उदाहरणे खरी आहेत आणि मी आहारतज्ज्ञ असल्याने ती मला आवडतातही. मात्र ती नीट पाहा. शिराझचा तरुण जस्ताला अक्षरशः मुकलेला होता. 2007 च्या प्रयोगातली माणसे वयस्कर होती आणि त्यांच्या रक्तातले जस्त तरुणांपेक्षा कमी होते. मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर दोन्हीकडे पाने रिकामी होती.

पाने भरलेली असताना वाढत राहिले तर काय होते, याचे उत्तर अमेरिकेतल्या सिलेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत मिळाले. तिथे 35 हजारांहून अधिक पुरुषांवर रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व यांची परीक्षा झाली. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीचा कर्करोग टळेल ही आशा होती. तसे काहीही न आढळल्याने 2008 साली गोळ्या थांबवण्यात आल्या. त्या लोकांच्या आहारात सेलेनियम मुळातच पुरेसे होते. याउलट चीनच्या केशान भागात मातीतच सेलेनियम नगण्य असल्याने मुलांचे आणि तरुण स्त्रियांचे हृदय निकामी होत असे, आणि तिथे पूरक सेलेनियम दिल्यावर तो आजार ओसरला. पदार्थ तोच, परिणाम वेगळा.

आता खास आमवाताबद्दल. 1976 साली 24 रुग्णांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात जस्ताने सांध्यांना आराम पडल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली, परंतु नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. म्हणून आमवातावर जस्त हे औषध झाले नाही आणि मेथोट्रेक्सेट झाले. ते आपला परिणाम दाखवायला सहा ते बारा आठवडे घेते, हे आईंना आवर्जून सांगा. दुसऱ्याच महिन्यात कंटाळून सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

जस्ताची रोजची शिफारस आपल्याकडे पुरुषांना 17 आणि स्त्रियांना सुमारे 13 मिलिग्रॅम आहे. ती पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचे कारण आपली भाकरीच आहे. जोंधळा, गहू आणि डाळी यांतले फायटेट नावाचे संयुग जस्ताला आणि लोहाला धरून ठेवते. यावर उपाय मात्र घरातलेच आहेत.

दूधगंगा | 13 जून, दुपारी 12.35

‘बिघडले कुठे’ या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच आहे, म्हणून लिहितो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरातल्या सर्वांनी जस्ताच्या गोळ्या सुरू केल्या. बाकीच्यांनी महिन्याभरात थांबवल्या. मी मात्र चिवट असल्याने 50 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, अशी जवळजवळ अडीच वर्षे घेत राहिलो. सर्दी झाली नाही याचा मला अभिमान होता. नंतर जिना चढताना दम लागू लागला आणि पायांचे तळवे बधिर झाले. सकाळी चप्पल पायातून निसटलेली मला कळत नसे; पत्नी मागून हाक मारून सांगत असे. हिमोग्लोबिन 8 वर आले, पांढऱ्या पेशीही कमी झाल्या. एका ठिकाणी चार महिने मला लोह आणि बी-12 देत राहिले आणि फरक काही पडेना. शेवटी दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असे विचारले, तेव्हा मी खिशातली पट्टी काढून दाखवली. तांबे तपासले, ते अगदी तळाला गेले होते.

त्यांनी समजावले ते असे, की जस्त जास्त झाले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन तयार करतात. ते जस्तापेक्षा तांब्यालाच घट्ट पकडते आणि त्या पेशी काही दिवसांत गळून पडल्या की तांबेही त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जाते. जस्त बंद करून तांबे दिल्यावर रक्त दोन-तीन महिन्यांत सुधारले. तळव्यांची बधिरता मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. प्रौढाने रोज 40 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

तांबडी माती | 13 जून, दुपारी 1.10

वाचून वाईट वाटले. काळजी घ्या. माझा मुद्दा अमर्याद गोळ्यांचा नव्हता, तरीही तुमचा अनुभव मी आमच्या घरच्या गटावर पाठवला आहे.

मार्कंडेयकाठ | 13 जून, रात्री 9.00

दूधगंगा यांचा प्रतिसाद वाचून धसका घेतला आणि कॅप्सूलचे वेष्टन पुन्हा पाहिले, तर त्यावर ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम’ असे छापले आहे. म्हणजे एकाच कॅप्सूलमध्ये मर्यादेच्या दीडपट जस्त?

उगारचा ऊसवाला | 13 जून, रात्री 9.20

थांबा, घाबरू नका. झिंक सल्फेट म्हणजे सगळे जस्त नव्हे. आमच्या खताच्या पोत्यावर हेप्टाहायड्रेट असेल तर जस्त 21 टक्के आणि मोनोहायड्रेट असेल तर 33 टक्के असे लिहिलेले असते. उरलेले वजन गंधकाचे, प्राणवायूचे आणि पाण्याचे. तुमच्या कॅप्सूलमध्येही तसेच असणार.

चिकोडीचे मास्तर | 13 जून, रात्री 9.45

ऊसवाल्यांचे गणित बरोबर आहे. शुद्ध मोनोहायड्रेटमध्ये जस्त सुमारे 36.4 टक्के असते, त्यामुळे 61.8 मिलिग्रॅम क्षारात प्रत्यक्ष जस्त साडेबावीस मिलिग्रॅम निघेल. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘मूलद्रव्य’ या अर्थाचा उल्लेख असेल, तो शोधा.

मार्कंडेयकाठ | 13 जून, रात्री 9.58

सापडला! भिंग घेऊन वाचावा लागला, पण 22.5 मिलिग्रॅमच आहे. खताच्या पोत्यावरून औषधाची पट्टी वाचायला शिकेन असे वाटले नव्हते.

खडेबाजारचा रिकामटेकडा | 14 जून, सकाळी 8.15

मला एक शंका आहे आणि ती विनोदाने विचारत नाही. आमचे काका उजव्या मनगटात तांब्याचे कडे घालतात आणि त्यामुळे सांधे दुखत नाहीत असे सांगतात. शिवाय रात्री तांब्याच्या तांब्यातले पाणी. तांबे त्या विकराला लागते, तर मग यात तथ्य असेल का?

चिकोडीचे मास्तर | 14 जून, सकाळी 9.05

कड्याची परीक्षा इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी केली होती आणि ती 2013 साली प्रसिद्ध झाली. रुमॅटॉइड संधिवाताच्या 70 रुग्णांना तांब्याची कडी आणि चुंबकी पट्टे आळीपाळीने घालायला दिले. दिखाऊ कड्यांपेक्षा त्यांचा वेदनेवर किंवा दाहावर अर्थपूर्ण परिणाम आढळला नाही. काकांना कडे शोभत असेल तर घालू द्यावे.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात, हे खरे आहे. त्यात आंबट काही ठेवू नये, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकले की काय होते, हे आपल्या आयांना पुस्तकाविना ठाऊक होते. आता कल्हईवालाच गल्लीत येईनासा झाला.

खानापूरची सून | 14 जून, दुपारी 3.30

शेवग्याची शेंग यांनी ‘उपाय घरातलेच आहेत’ असे म्हणून विषय अर्ध्यावर सोडला, तो मी उचलते. आमच्या सासूबाई रात्री नाचणीचे पीठ ताकपाण्यात कालवून मातीच्या मडक्यात झाकून ठेवत. सकाळी मडक्याला कान लावला की बारीक चुरचुर ऐकू येई आणि वर फेसाची पातळ साय धरलेली असे. ते आधणाच्या पाण्यात सोडून, गुठळी होऊ न देता, लाकडी डावाने हलवत शिजवायचे आणि निवल्यावर त्यात ताक, जिरे आणि ठेचलेला लसूण घालायचा. यल्लम्माच्या नैवेद्याला आंबील असते आणि तिच्यासोबत भिजवून शिजवलेल्या घुगऱ्या असतात. हे देवीचे म्हणून आम्ही करतो. त्याचा खनिजांशी खरोखर काही संबंध आहे, की मी उगीच मनाचे समाधान करून घेते आहे?

शेवग्याची शेंग | 14 जून, सायंकाळी 5.15

संबंध अगदी थेट आहे. आंबताना पीठ आम्लधर्मी होते आणि धान्यातले व जंतूंतले फायटेज हे विकर फायटेटचे तुकडे करू लागते, त्यामुळे अडकलेले लोह आणि जस्त मोकळे होते. मोड आणल्यानेही हेच घडते. म्हणून मटकी किंवा हुलगे भिजवून, मोड काढून केलेली उसळ ही नुसत्या शिजवलेल्या कडधान्यापेक्षा सरस ठरते. प्रसादांच्या शिराझच्या रोटीचे वर्णन ‘बिनआंबवलेली’ असे आहे, हे इथे आठवा.

मांस खाणाऱ्यांना जस्त सहज मिळते, कारण मांसात फायटेट नसते. शाकाहारी घरात तीळ, शेंगदाणे, काजू, कारळे आणि डाळी यांच्यावर भर द्यावा. तिळात 100 ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅम जस्त असते. अर्थात कोणी वाटीभर तीळ खात नाही, पण भाकरीवर रोज दोन चमचे चटणी ही कमी गोष्ट नाही. पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतीतले लोह चांगले शोषले जाते. लोखंडी कढईत चिंचेची आमटी केली तर थोडे लोह भांड्यातूनही उतरते. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी, तासभर तरी थांबावे.

खानापूरच्या ताईंना एक सुधारणा सुचवते. नाचणीची खरी श्रीमंती चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची आहे. लोहाच्या बाबतीत तिचा जितका गाजावाजा होतो तितके लोह तिच्यात नसते.

सूक्ष्मदर्शिका | 14 जून, रात्री 8.40

ताटाची बाजू घेताना एक सांगायला हवे. खरी कमतरता एकदा निर्माण झाली, की ती फक्त चटणीने भरून येत नाही. तिथे गोळीच लागते आणि ती ठरावीक काळ लागते. मुलांच्या जुलाबात जस्त दहा ते चौदा दिवस देतात, ते याच विचाराने. तांबडी माती यांच्या बोलण्यातला तेवढा भाग मला मान्य आहे.

तांबडी माती | 14 जून, रात्री 9.10

तेवढ्यावर आज झोपतो. जमिनीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

मार्कंडेयकाठ | 6 जुलै, सायंकाळी 7.30

डॉक्टरांची भेट झाली. कॅप्सूल नको म्हणाले; फॉलिक आम्ल मेथोट्रेक्सेटबरोबर द्यायचेच असते, तेवढे चालू ठेवायला सांगितले. लोहाबद्दल सूक्ष्मदर्शिका यांनी सुचवलेला प्रश्न विचारला, तेव्हा संपृक्तता तपासली. ती 13 टक्के निघाली. दोन्ही कारणे मिसळलेली असावीत, आधी सूज उतरू द्या आणि मग पुन्हा मोजू, असे त्यांचे मत पडले. मावशी रागावली आहे.

मार्कंडेयकाठ | 24 सप्टेंबर, रात्री 8.50

धागा वर काढतो आहे, कारण अर्धवट सोडणे बरे दिसत नाही. आईचे सीआरपी 41 वरून 8 वर आले. सकाळचा ताठरपणा दोन तासांवरून पंधरा-वीस मिनिटांवर आला आहे. लोहाची एकही गोळी न देता हिमोग्लोबिन 9.6 वरून 10.7 झाले आणि जस्त आता प्रमाणात आहे. गंमत फेरिटिनची झाली: सूज उतरल्यावर ते 88 वरून 26 वर आले. डॉक्टर म्हणाले, की दाहाने चढवलेला मुखवटा गळाला आणि साठ्याची खरी स्थिती दिसली. आता लोह सुरू झाले आहे, पण एक दिवसाआड. रोज दिल्यास हेप्सिडिन चढून दुसऱ्या दिवशीची गोळी नीट शोषली जात नाही, असे त्यांनी सांगितले.

सूक्ष्मदर्शिका | 24 सप्टेंबर, रात्री 9.15

फार बरे वाटले. पुढच्या वेळीही फेरिटिनबरोबर सीआरपी करायला विसरू नका. एकट्या फेरिटिनवर कोणी काही ठरवू लागले तर हा धागा दाखवा.

उगारचा ऊसवाला | 24 सप्टेंबर, रात्री 9.30

म्हणजे आधी चुनखडीचा बंदोबस्त आणि मग हिराकस. आमच्या खोडव्यालाही या वर्षी तसेच केले आहे, पाने हिरवी आहेत.

खडेबाजारचा रिकामटेकडा | 24 सप्टेंबर, रात्री 9.41

म्हणजे मावशी बरोबरच होत्या, फक्त साडेतीन महिने आधी बरोबर होत्या. त्यांना कळवले का?

मार्कंडेयकाठ | 24 सप्टेंबर, रात्री 9.55

कळवावे लागले नाही. आईने रविवारी फोन करून स्वतःच सांगितले आणि त्याच फोनवर, गोकुळाष्टमीनंतर पहिल्यांदा दोघी हसल्या. त्या दिवशी आईने दोन भाकऱ्या थापल्या होत्या.

खानापूरची सून | 24 सप्टेंबर, रात्री 10.02

जोंधळ्याच्या की नाचणीच्या?

मार्कंडेयकाठ | 24 सप्टेंबर, रात्री 10.06

जोंधळ्याच्या. दोन्ही कडेला चिरल्या होत्या, आणि तिसरी तिने मला थापू दिली नाही.